मदत हवी आहे: डब्ल्यूआरसीत (जागतिक रॅली स्पर्धेत) नव्या कार कंपन्या येण्यासाठी गाडी स्वस्त करणं पुरेसं आहे का?

नमस्कार मंडळी,

एका वादसभेत बोलायचं आहे. 'रॅलीची गाडी स्वस्त केली की कंपन्या येतील' ही बाजू माझ्या वाट्याला आली आहे. पंचाईत अशी की जसजसं वाचतोय तसतसा माझाच त्यावरचा विश्वास उडत चाललाय. इथे रॅली नेमाने बघणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा.

मला काय माहीत आहे ते आधी सांगतो, म्हणजे तेच तेच परत लिहायला नको. २०२२ला रॅली१ (सगळ्यात वरचा वर्ग) नियम आले, तेव्हापासून खऱ्या अर्थाने कंपनीचे संघ दोनच, टोयोटा आणि ह्युंदाई. फोर्डची प्युमा एम-स्पोर्ट हा स्वतंत्र संघ चालवतो. फोर्डचा हात पाठीवर आहे, पण संसार एम-स्पोर्टचा. रॅली१ची एक गाडी दहा लाख युरोच्या घरात जाते म्हणतात. २०२७पासूनच्या नव्या नियमांत एफआयएने (मोटर शर्यतींची जागतिक नियामक संस्था) गाडीच्या किमतीला ३,४५,००० युरोची मर्यादा घातली आहे. ताकद साधारण ३०० हॉर्सपॉवर, रॅली२चे (खालच्या, स्वस्त वर्गाचे) बरेच सुटे भाग, नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर हवी ती बॉडी. कार कंपनी नसलेल्या, नुसत्या रॅलीच्या गाड्या बांधणाऱ्यांनाही प्रवेश.

ऐकायला झकास. पण नळ्यांचा सांगाडा २०२२लाही आला होता. बॉडीचं माप कमीजास्त करायची मुभाही तेव्हाच मिळाली. वर हायब्रिडचं गाजर: १०० किलोवॉटचं युनिट, सगळ्यांना सारखं, एकाच पुरवठादाराकडून. कंपन्यांना हायब्रिड गाड्या विकायच्या आहेत, तेव्हा त्या धावत येतील असा हिशोब होता. एकही नवी कंपनी आली नाही. शेवटी २०२५ला हायब्रिड काढलं आणि गाडीचं किमान वजन १२६० किलोवरून ११८०वर आणलं.

आणि गेलेल्या कंपन्या का गेल्या ते बघावं, तर गाडीची किंमत कुठे आड आलेली दिसतच नाही. डिसेंबर २००८मध्ये सुझुकी आणि सुबारू एकाच आठवड्यात बाहेर पडल्या, जगभर मंदी होती. सुझुकीने तर एकच पूर्ण हंगाम केला होता. फोक्सवॅगनने २०१३ ते २०१६ सलग चार वर्षं चालक आणि उत्पादक अशी दोन्ही विजेतेपदं घेतली आणि डिझेल प्रकरणानंतर (धुराच्या चाचणीतली फसवणूक) गाशा गुंडाळला. २०१७च्या नियमांची पोलो बांधून तयार होती, ती तशीच राहिली. बांधलेली गाडी घरात असताना जो जातो, त्याला 'गाडी स्वस्त करतो, परत ये' असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

दोन गोष्टी विचारायच्या आहेत:
१) ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीसारखं 'बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स' (गाड्यांचं वजन-ताकद कमीजास्त करून सगळ्यांना बरोबरीत आणणं) रॅलीत का आणत नाहीत? तिकडे फेरारी, पोर्शे, बीएमडब्ल्यू, कॅडिलॅक, प्यूजो, ॲस्टन मार्टिन अशी रांग लागली.
२) माझ्या बाजूने एखादा पक्का दाखला आहे का? भावनेवर भाषण रेटायचं नाहीये.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

ल माँला १३.६ किलोमीटरचा एकच ट्रॅक, त्यावर सगळ्या गाड्या एकाच वेळी, चोवीस तास. कोणती गाडी कुठे किती वेगात आहे याची आकडेवारी ढिगाने मिळते. मग कुणाचं वजन वाढव, कुणाची ताकद उतरव, हे शक्य होतं. (तरी भांडणं होतातच.)

रॅलीत गाड्या एकेक करून सुटतात, मध्ये दोन-तीन मिनिटांचं अंतर. खडीच्या रस्त्यावर पहिली गाडी वरची सुटी खडी झाडत जाते. तिला पकड मिळत नाही. मागच्यांना झाडलेला, कडक रस्ता मिळतो. दुसऱ्या फेरीपर्यंत चाकोऱ्या पडतात आणि खालचे दगड वर येतात. म्हणजे प्रत्येक गाडीचा रस्ता वेगळा. त्यात शुक्रवारी सुटायचा क्रम गुणतक्त्याप्रमाणे, म्हणजे जो पुढे त्यानेच झाडू मारायचा. मॉन्टे कार्लोला एकाच स्टेजमध्ये (वेळ मोजायच्या रस्त्याच्या टप्प्यात) कोरडं डांबर, बर्फ आणि निसरडा काच-बर्फ. टायरची निवड चुकली की मिनिटभर गेलंच. आता मला सांगा, दहा सेकंदांचा फरक पडला तर तो गाडीचा, चालकाचा, टायरचा की रस्त्याचा, हे कोण ठरवणार? आणि ते ठरवता येत नसेल तर वजन कुणाच्या गाडीत टाकणार?

ल माँकडून घेण्यासारखं आहे ते दुसरं. तिथल्या एलएमडीएच या गाड्यांच्या वर्गात चार ठरलेल्या कंपन्यांपैकी एकीची चासी (सांगाडा) घ्यायची, हायब्रिड यंत्रणा सगळ्यांना सारखी, इंजिन आणि चेहरा आपला. ज्यात कंपनीची ओळख नाही तिथे पैसा जाळायचा नाही. २०२७चा सांगाडा त्याच वाटेवरचा आहे.

प्रतिसाद २

रांग लागली खरी, पण पोर्शे २०२५नंतर ल माँच्या जागतिक मालिकेतून कारखाना-संघ घेऊन बाहेरही पडली. पाहुणे येतात आणि जातात. फार मनाला लावून घेऊ नका.

प्रतिसाद ३

दाखला हवाय ना? १९९७ बघा.

त्याआधी ग्रुप ए हे नियम होते. रॅलीत जे चालवायचं ते हजारोंनी बांधून विकायचं. सुरुवातीला ही अट ५,००० गाड्यांची होती, पुढे २,५०० झाली. डेल्टा इंटिग्राले, एस्कॉर्ट कॉसवर्थ, लान्सर इव्हो या त्यातूनच लोकांच्या हाती आल्या. आम्ही त्या काळाच्या नावाने उसासे टाकतो, पण ज्या कंपनीला टर्बो आणि फोर व्हील ड्राइव्हची गाडी खपवता येणार नव्हती तिला दार बंदच होतं. १९९७च्या वर्ल्ड रॅली कार नियमांनी ती अट काढली. साधी, पुढची चाकं फिरवणारी, घरोघरची गाडी घ्या आणि तिला टर्बो व फोर व्हील ड्राइव्ह फक्त रॅलीसाठी बसवा. परिणाम? प्यूजो २०६, स्कोडा ऑक्टाव्हिया, सेआत कोर्डोबा, ह्युंदाई ॲक्सेंट, सिट्रोएन क्सारा. २००१ला फोर्ड, सुबारू, मित्सुबिशी, प्यूजो, स्कोडा आणि ह्युंदाई अशा सहा कंपन्या उत्पादकांच्या गुणतक्त्यात होत्या. उंबरठा खाली आणला आणि माणसं आत आली, हा तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा.

फक्त त्या टिकतील अशी हमी देऊ नका. २००९ आणि २०१०ला सिट्रोएन आणि फोर्ड दोघंच उरले होते.

धागाकर्ता

हे एकदम कामाचं. सगळ्यांचे आभार. १९९७ मध्यभागी ठेवून बाकीचं त्याभोवती बांधतो.

पण समोरचा स्कोडाचं उदाहरण काढणार असं वाटतंय. फॅबिया रॅली२ शेकड्यांनी विकली, जगभर जिंकते, आणि वरच्या वर्गात यायचं नावही काढत नाही. तिच्यासाठी वर येणं म्हणजे निव्वळ खर्च. याला काय उत्तर देऊ?

प्रतिसाद ३

उलट तुम्हीच आधी काढा ते उदाहरण. स्कोडा खाली का रमते? तिथली गाडी बाहेरच्या संघाला विकता येते, म्हणून. रॅली१ कुणाला विकणार? दहा लाख युरो, वर सांभाळायला इंजिनिअरांची फौज. ३,४५,०००ची, रॅली२चे भाग असलेली गाडी खासगी संघ घेऊ शकतो. गाडी विकता आली की कंपनीचा खर्च थोडा तरी वसूल होतो, आणि संचालक मंडळासमोर नेण्याजोगा कागद तयार होतो. स्वस्ताईचा खरा उपयोग तिथे आहे, मांडायचं ते हे मांडा. मात्र हंगामाचा बराच पैसा गाडीत नसून माणसं, चाचण्या आणि सामान जगभर फिरवण्यात जातो, असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका. ते खरं आहे.