बॉब फ्लॅनगनवरील माहितीपट: वेदना स्वतःच्या हाती घेणे की वेदनेचे उदात्तीकरण?

शिक्षक, आरमोरी
कर्बी डिक यांचा 'सिक' हा १९९७ चा माहितीपट नुकताच पाहिला. अमेरिकी कवी बॉब फ्लॅनगन याला जन्मतः सिस्टिक फायब्रोसिस होता. फुप्फुसांत दाट, चिकट कफ साचवणाऱ्या या आनुवंशिक आजाराने त्याच्या दोन बहिणीही गेल्या आणि तो स्वतः १९९६ मध्ये ४३ व्या वर्षी वारला. सहचरी शेरी रोझ हिच्या हुकमतीखाली, परस्पर संमतीने, तो देहाला पीडा करून घेत असे व ते उघडपणे कलेतून मांडत असे. (काही दृश्ये बघवत नाहीत.) ज्याचे दुखणे कधीच त्याला विचारून आले नाही, त्याने एखाद्या दुखण्याची वेळ व मर्यादा स्वतः ठरवली, तर मी त्याला विकृती म्हणणार नाही. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या आपल्या पट्ट्यात यावर बोलायला हवे.

आशा कार्यकर्ती, सिंदेवाही
सर, माझा स्पष्ट विरोध आहे. हुकूम आणि मार आमच्या बायांना नवे नाहीत. सिकलसेल असलेली सून रोवणीला जाऊ शकली नाही की ती 'सोंग करते' ठरते, मार खाते आणि दवाखान्यात 'पाय घसरला' म्हणून सांगते. 'तिची संमती होती' हे वाक्य मी कोणत्याही नवऱ्याच्या हाती देणार नाही. मीही तो माहितीपट पाहिला आहे. आजार बळावल्यावर फ्लॅनगनला ते सारे झेपेनासे होते, तेव्हा शेरी नाराज होते. नकाराला तिथेही किंमत मोजावी लागलीच ना?

धान उत्पादक, ब्रह्मपुरी
नवसासाठी भर उन्हात लोटांगण घालणाऱ्याला आपण नमस्कार करतो. मग याच माणसाला नावे का ठेवायची?

सिकलसेलग्रस्त तरुण, नागभीड
भाऊ, नवस एकदा फिटतो, आमचे दुखणे फिटत नाही. लाल पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की मांडीच्या हाडात जी कळ उठते, तिच्यात भर घालण्याची मला तरी इच्छा नाही; हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या, भरपूर पाणी आणि थंडीपासून जपणे एवढाच माझा मार्ग आहे. तरीही ताई, या माहितीपटातला माणूस रुग्ण असूनही प्रेम करतो, हट्ट करतो, त्याला कामेच्छा आहे, हे मला फार मोलाचे वाटले. माझ्या लग्नाची बोलणी मुलीच्या सिकलसेल तपासणीच्या कार्डापाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के, हे मला पाठ आहे. पण मला स्वतःला काय हवे, हे आजवर एकाही समुपदेशकाने विचारलेले नाही.

शिक्षक, आरमोरी
ताई, शेरीच्या नाराजीचा मुद्दा मान्य आहे, परंतु तो प्रसंग न लपवता दाखवला, हीच या माहितीपटाची सचोटी आहे. मारहाणीत 'थांब' म्हणण्याची सोय नसते. इथे ती गृहीत आहे, म्हणून दोन्ही गोष्टी एका पंक्तीत बसवता येत नाहीत.

आशा कार्यकर्ती, सिंदेवाही
सर, ती सोय पडद्यावर गृहीत असेल, माझ्या गावात नाही. नागभीडच्या भावाने विचारलेला प्रश्न मात्र मी समुपदेशनाच्या बैठकीत नक्की मांडीन. त्यासाठी हा माहितीपट गावात दाखवण्याची गरज मला वाटत नाही.