कन्सोलवरचा गेम आणि कंट्रोलरचे सेल

'सांगलीत बसून, प्रकाशक न गाठता एक्सबॉक्सवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलवर, आपला गेम आणता येईल का?' असं एकाने विचारलंय. येईल की! आयडी ॲट एक्सबॉक्स ही मायक्रोसॉफ्टची योजना २०१३ पासून त्यासाठीच आहे. अर्ज करा, गोपनीयतेच्या करारावर सही करा. गोडो हे गेम बनवायचं इंजिन वापरणाऱ्यांनो, तुमचं इंजिन मुक्त, पण कन्सोलची एसडीके, म्हणजे त्यासाठी गेम बनवायची साधनं, गोपनीय. त्यामुळे तिथला एक्स्पोर्ट थेट मिळत नाही, गेम कन्सोलवर चालेल असा स्वतः बदलून घ्या, नाहीतर ते करून देणारा पोर्टिंगवाला गाठा. वयोगटाच्या रेटिंगचा बाऊ नको, आयएआरसी या रेटिंग देणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेची प्रश्नावली भरली की झालं.

खरी कुस्ती सर्टिफिकेशनची, म्हणजे गेम बाजारात येण्याआधी मायक्रोसॉफ्ट घेते त्या तपासणीची. खेळ चालू असताना कंट्रोलरचा संपर्क तुटला तर गेमने थांबून तसं सांगायलाच हवं. आम्ही सांगलीच्या विश्रामबागेतल्या खोलीत आमच्या कुस्तीच्या गेमची महिनाभर तपासणी केली, हे कुणाच्या डोक्यातच नाही. शेवटी शेजारच्या पोराने टीव्हीच्या रिमोटसाठी कंट्रोलरमधले सेल काढून नेले, आणि आमचा पैलवान आखाड्यात हात खाली सोडून निवांत मार खात उभा! मधेच होम बटण दाबून अर्ध्या तासाने परत आलो, तर आवाज गायब. पीसीवर हे असले प्रकार खपून जातात. तुम्ही सबमिट करण्याआधी गेम एखाद्या आगाऊ पोराच्या हातात द्याच. आणि सेल जास्तीचे आणून ठेवा.