थाउजंड आयलंड्सला जाताना बॅगेत काय भरलंत? (अनुभव)

भुईचाफा
भाचीचा फोन आला. "मावशी, लाँग वीकेंडला गॅननॉक्वेला चाललोय, काय काय घेऊ?" (म्हणजे सेंट लॉरेन्स नदीतल्या थाउजंड आयलंड्स बेटांना, कॅनडा-अमेरिका सीमेवर.) आणि मला आमचे सासरे आठवले. टोरांटोहून निघताना बाबांनी गळ्यात मफलर अडकवला. जुलैत! दीर हसून हसून बेजार. पण बोटीच्या वरच्या मजल्यावर जे वारं सुटलं, की तोच मफलर दिरांनी मागून घेतला आणि उतरेपर्यंत परत दिला नाही. नदी म्हणून तिला हलक्यात घेऊ नका. लेक ओंटारिओचं सगळं पाणी तिथून सेंट लॉरेन्समध्ये शिरतं, वाऱ्याला अडवायला काही नाही. तर तुमचं सांगा. नुसती यादी नको, किस्से हवेत.

तिखटमीठ
पासपोर्ट!! बोल्ट कॅसल (बोल्टसाहेबांनी बेटावर बांधायला घेतलेला किल्ला) अमेरिकेच्या हद्दीत आहे, कॅनडाच्या बोटीतून गेलात तरी उतरताना इमिग्रेशन आहेच. आईबाबांकडे अमेरिकेचा व्हिसा नव्हता, म्हणून न उतरणारी फेरी घेतली. गाइड सांगत होता, 1904 मध्ये बायको गेली आणि बोल्टसाहेबांनी काम थांबवलं, किल्ला 1977 पर्यंत पडून. बाबा हळूच म्हणाले, "आमचं बांधकाम बायको आहे म्हणून अडलंय." गच्चीच्या शेडबद्दल होतं ते 😄

भुईचाफा
😂 काकूंनी ऐकलं का?

तिखटमीठ
ऐकलं. शेड अजून झालेली नाही.

कालवणभात
पाण्यातले बूट घ्या. खडकांना झेब्रा मसल्स (बारीक शिंपले) चिकटलेले असतात, नखाएवढे, पण कड धारदार. आमचे हे मालवणचे. "गोड्या पाण्यात कुठली आलीत कालवां!" म्हणत अनवाणी उतरले आणि अंगठा धरून वर आले. पाणी मात्र तळ दिसेल इतकं नितळ, तेही याच शिंपल्यांनी गाळल्यामुळे. किंग्स्टन-ब्रॉकविलकडे बुडालेली लाकडी जहाजं बघायला डायव्हर येतात. खाऱ्या पाण्यातली लाकूड पोखरणारी कीड इथे नाही, त्यामुळे सांगाडे टिकलेत.

उनाड
आम्ही नॅशनल पार्कच्या बेटावर तंबूत राहतो. प्यायचं पाणी घरून न्या, बेटावर नळ नाही. चहूकडे नदी आणि आपण कॅन मोजतोय! कचरा परत आणायचा, म्हणून जाड पिशव्या. लाकडं घरून नेऊ नका, त्यातून झाडांची कीड पसरते, तिथेच विकत घ्या. स्वतः बोट चालवणार असाल तर मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आधी घालून बघा. भाड्याच्या बोटीत मोठ्यांचीच जास्त मिळतात.

सईची_आई
टिक्सबद्दल (गोचिडी) कोणीच कसं लिहिलं नाही?? लाइम आजार होतो त्यांच्यामुळे. फिकट रंगाची फुल पँट, मोजे पँटवरून चढवायचे, ध्यान दिसलं तरी चालेल. रात्री सासूबाई उवा बघाव्यात तशा नातवंडांचे कान, काखा, गुडघ्यामागची लवण तपासायच्या. बारीक चिमटा ठेवा. (घाईत लिहितेय, कुकर झालाय)

पुणेरी_पगडी
थाउजंड आयलंड ड्रेसिंग इथलंच का? कॉलेजजवळच्या कॅफेत सँडविचला लावायचे, मला वाटायचं कंपनीचं नाव आहे.

तिखटमीठ
इथलंच म्हणतात. कोणाच्या स्वयंपाकघरातलं यावर मात्र दोन-तीन गावं भांडतात.

कालवणभात
पगडी, पॅकिंगचं विचारलंय 🙂

पुणेरी_पगडी
बरं, दुर्बीण न्या. बेटं हजार नाहीत, 1864 आहेत. वर्षभर पाण्याच्या वर राहायला हवं आणि झाडही हवं, तरच बेट म्हणून मोजतात. आमचा मुलगा प्रत्येक खडकावर "झाड आहे, झाड नाही" ओरडत होता. शेजारचे आजोबाही सामील झाले.

सईची_आई
परत आले. खायला दशम्या आणि दाण्याची चटणी. तेलकट लोणचं नको, आमच्या कॅमेऱ्याच्या बॅगेला अजून वास आहे. पलीकडे उतरणार असाल तर फळं आधी संपवा, कस्टमच्या भानगडी नकोत.

उनाड
दशम्या दुधातल्या की ताकातल्या?

सईची_आई
दुधातल्या, गूळ घालून. विपूत (विचारपूस) टाकते.

भुईचाफा
भाचीला सगळं पाठवलं. ती विचारतेय, सासूबाईंना बोट लागते, मग काय?

उनाड
किंग्स्टनहून वुल्फ आयलंडची फेरी घ्या म्हणावं. फुकट आहे आणि गाडीसकट चढता येतं. आवळा सुपारी असू द्या सोबत.