मदत हवी आहे: मिनेसोटात वॉलआय ओपनर, सोबत बाबा, आणि हवेचा काही भरवसा नाही

रेवदंडेकर:

नमस्कार मंडळी, इथे मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडचे बरेच जण आहेत आणि त्यातले काही नियमित गळ टाकणारे आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहितीये, म्हणून विचारतोय. जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहितीवर कोणी नीट सल्ला देऊ शकणार नाही.

आम्ही ट्विन सिटीजच्या (मिनिआपोलिस-सेंट पॉल) पश्चिमेला राहतो, चानहासनजवळ. यंदा, २०२६ ला, वॉलआय या गोड्या पाण्यातल्या माशाचा ओपनर, म्हणजे तो पकडायचा हंगाम उघडण्याचा दिवस, ९ मे ला आहे, शनिवारी, आणि आईबाबा तेव्हा इथेच असणार आहेत, मे संपता संपता परत जातील. बाबांनी सगळं आयुष्य कुंडलिकेच्या खाडीत गरवण्यात घालवलंय, जिताडा, शिंगाळा, तांबोशी, काही सोडलं नाही. आता वय झालं, गुडघे दुखतात, तिकडेही खाडीवर फारसे जात नाहीत. त्यांना इथल्या तळ्यावर एकदा तरी नीट बसवायचंय आणि एक वॉलआय त्यांच्या स्वतःच्या हातानं वर काढलेला बघायचाय. मला दुसरं काही नको.

अडचण हवामानाची आहे. मी उन्हाळ्यात सनफिश, क्रॅपी, बास हे सगळे मासे पकडतो, ते जमतं. पण मे महिन्याच्या सुरुवातीचा वॉलआय माझ्या हाती लागतच नाही. एक दिवस ७५ फॅरनहाइट, लोक शॉर्ट्स घालून फिरतायत, दुसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा सुटून ३८ आणि वर बर्फाचे कण. इथलेच लोक सांगतात की २०१३ ला ओपनरच्या दिवशी मिल लॅक्स तळ्यावर अजून बर्फ होता आणि २०२४ ला आपल्या ट्विन सिटीज मेट्रो भागातल्या तळ्यांवरचा बर्फ मार्चमध्येच गेला. म्हणजे कॅलेंडरवर तारीख तीच पण पाणी चार-सहा आठवडे मागेपुढे, मग मासा कुठे असेल हे ठरवायचं तरी कशावरून?

बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, तिथे भरती-ओहोटी नाही तर मासा हलतो कशावर? ते तिथी बघून सांगायचे की आज पाणी किती वाजता लागेल आणि जिताडा कुठल्या खडकापाशी येईल. मला उत्तर देता आलं नाही आणि खरं सांगायचं तर माझा प्रश्नही तोच आहे.

माझ्याकडे काय आहे ते सांगतो. सहा फूट सहा इंची मीडियम-लाइट रॉड, ६ पाउंडाची मोनो लाइन, १/८ औंसाची जिग्स (वजनदार डोक्याचे गळ) थोडी, स्लिप बॉबर (हव्या त्या खोलीवर आमिष लटकवणारा तरंगता बोंडा). बोट नाही, भाड्यानं घेऊ शकतो पण थंडीत बाबांना बोटीत न्यायचं की नाही याबद्दल मन होत नाहीये. जवळची तळी म्हणजे मिनेटोंका आणि वकोनिया. सोबत बायको, आठ वर्षांचा मुलगा आणि आई पण येणार.

तर विचारायचं असं की
काठावरून किंवा पिअरवरून (पाण्यात गेलेल्या धक्क्यावरून) जमेल का, आणि दिवसातल्या कुठल्या वेळी जावं?
त्या आठवड्यात अचानक थंडी पडली तर तळं बदलावं, आमिष बदलावं की सरळ दिवस बदलावा?
आमिषाला मिनो (जिवंत बारके मासे) की लीच (जळू) की साधं गांडूळ?
आणि लायसन्सचं वगैरे कोणी नीट सांगाल तर बरं, वेबसाइट वाचली पण आईबाबा इथले रहिवासी नाहीत त्यामुळे गोंधळ होतोय.

आधीच धन्यवाद.

थंडपाणी:

रेवदंडेकर, तुमच्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं. तळ्यात भरतीचं काम वारा करतो. वारा दोन-तीन तास एका दिशेनं वाहिला की वरचं उबदार पाणी ज्या काठावर आपटतं तिकडे जमा होतं, लाटांनी तळ ढवळतो, पाणी गढूळ होतं, बारके मासे भांबावतात आणि वॉलआय त्यांच्या मागे काठाजवळ येतो. आपल्याला वाटतं की वाऱ्याच्या आडोशाला बसावं, माणसाला तिथे बरं वाटतं, पण मासा समोरच्या काठावर असतो. म्हणून वारा तोंडावर घेऊन उभं राहायची तयारी ठेवा.

दुसरी गोष्ट उजेड. वॉलआयच्या डोळ्यात मागे परावर्तक थर असतो, टॉर्च मारली की मांजरासारखे चमकतात ते त्यामुळेच. कमी उजेडात त्याला दिसतं आणि त्याच्या शिकारीला दिसत नाही, तो याच फरकावर जगतो. मिनेटोंकात २०१० पासून झेब्रा मसल्स (बाहेरून आलेले बारके शिंपले) आहेत, त्यांनी पाणी गाळून गाळून काचेसारखं केलंय, म्हणजे स्वच्छ उन्हात दुपारी काठावरून गळ टाकणं जवळजवळ वाया. सूर्य मावळायच्या तासभर आधी पोचा आणि अंधार पडल्यावर तासभर थांबा. ढगाळ हवा आणि वर लाटा असतील तर मात्र दिवसभर संधी आहे, म्हणून फोरकास्टमध्ये ढग दिसले तर वाईट वाटून घेऊ नका.

तिसरं, हवेचं तापमान बघूच नका, पाण्याचं बघा. पूलमध्ये वापरतात तो थर्मामीटर दोरीला बांधून डॉकवरून तीन-चार फूट खाली सोडा. वरवरचं पाणी एका उन्हाच्या दुपारीत चढतं आणि एका रात्रीत उतरतं, खालचं सावकाश बदलतं आणि मासा त्यावर चालतो. वॉलआय अंडी घालतो ती साधारण ४२ ते ५० फॅरनहाइटच्या दरम्यान, उथळ खडी-गोट्यांवर किंवा तळ्याला येऊन मिळणाऱ्या ओढ्यात. मेट्रोत ओपनरपर्यंत बहुतेक वर्षी ते उरकलेलं असतं. माद्या मग थोड्या खोलात जाऊन सुस्तावतात पण नर त्याच खडीच्या आसपास रेंगाळतात आणि संध्याकाळी खायला वर येतात. उशिराचा वसंत असेल तर खडीचे काठ आणि ओढ्याची तोंडं बघा, लवकरचा असेल तर नवीन हिरवं गवत जिथे उगवायला लागलंय त्याची बाहेरची कड.

वकोनिया_वारी:

वरच्या सगळ्याला +१. मी काठावरूनच करतो, बोट कधी घेतलीच नाही, त्यामुळे काठावरून जमतं का याचं उत्तर हो, मे महिन्यातच सगळ्यात जास्त जमतं कारण वर्षातल्या फार थोड्या आठवड्यांत हा मासा आपल्या टप्प्यात येतो. जूनच्या मध्यानंतर काठावरून विसरा.

मिनेटोंका म्हणजे एक तळं नाहीच, अरुंद खाड्यांनी जोडलेले कितीतरी बे आहेत, आणि वारा पाणी एका बे मधून दुसऱ्यात ढकलतो तेव्हा त्या पुलाखालच्या अरुंद जागेत चक्क प्रवाह तयार होतो. तुमच्या बाबांना तो नुसता बघून कळेल की मासा कुठे तोंड करून उभा असणार, खाडीच्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. फक्त पाट्या वाचा, काही पुलांवरून गळ टाकायला मनाई असते.

गुडघ्यांचं म्हणालात म्हणून सांगतो, डीएनआरच्या (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या) वेबसाइटवर लेकफाइंडर आहे, त्यात प्रत्येक तळ्याचा खोलीचा नकाशा, कुठल्या वर्षी वॉलआयची किती पिल्लं सोडली, सर्व्हेत किती सापडले, सगळं आहे. पिअर कुठे आहेत त्याचाही वेगळा नकाशा आहे. ज्या पिअरपासून खोल पाणी जवळ आहे आणि गाडी अगदी टोकाशी लावता येते असा निवडा. फोल्डिंग खुर्ची, थर्मास, पायावर घोंगडी. बाबांना तास-दोन तास आरामात बसता आलं पाहिजे, मासा त्या वेळात कधीही येऊ शकतो.

आमिष: पाणी ५० च्या खाली असेल तर मिनोच, फॅटहेड जातीचा चालतो, शाइनर जातीचा मिळाला तर उत्तम. लीच थंड पाण्यात गोळा होऊन बसते, हलतच नाही, ती ५५ च्या पुढे घ्या. गांडूळ त्याहून नंतर. मिनो जिगला लावताना हुक तोंडातून आत घालून डोक्याच्या मागून वर काढायचा म्हणजे फेकताना निसटत नाही आणि मासा सरळ पोहतो.

रेवदंडेकर:

थंडपाणी, वारी, काय लिहिलंत दोघांनी! वाऱ्याचं बाबांना आत्ताच वाचून दाखवलं व्हिडिओ कॉलवर, ते म्हणाले म्हणजे दांडा धरून वाऱ्यात उभं राहायचं, मग ठीक आहे. लगेच पटलं त्यांना.

एकच राहिलं, समजा शुक्रवारी कोल्ड फ्रंट (थंड हवेची लाट) आला आणि शनिवारी आकाश निळंशार, वारा नाही, ४० डिग्री फॅरनहाइट. मग?

थंडपाणी:

तो सगळ्यात अवघड दिवस. फ्रंट येण्याच्या आधीचे काही तास, जेव्हा हवा दमट असते आणि ढग जमायला लागतात, तेव्हा मासा वेड्यासारखा खातो, आणि फ्रंट गेल्यावर तोच मासा तळाला चिकटून बसतो. त्यामुळे फोरकास्टमध्ये शुक्रवारी रात्री फ्रंट दिसला तर एक करता येईल, सीझन शुक्रवारी रात्री १२ वाजून शनिवार लागला की उघडतो पण बाबांना मध्यरात्री नेऊ नका, सरळ रविवार किंवा सोमवारची संध्याकाळ धरा. तुमच्याकडे अख्खा मे आहे, ओपनरच्या दिवशीच गेलं पाहिजे असा काही नियम नाही. मी तर म्हणेन दक्षिणेचा वारा सलग दोन दिवस वाहिला की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून लवकर निघा.

जायचंच असेल तर १/८ च्या ऐवजी १/१६ ची जिग, छोटा मिनो, आणि हलवणं निम्म्याहून कमी. किंवा स्लिप बॉबर लावून मिनो तळापासून फूटभर वर लटकवा आणि वाट बघा. बाबांसाठी मला तर हेच बरं वाटतं, बुडणारा बॉबर त्यांना ओळखीचा असेल.

आणि त्यांना एक आवर्जून सांगा, जिताडा जसा खेचून नेतो तसा हा नेत नाही. फ्रंटनंतरच्या थंड पाण्यात तर काहीच झटका येत नाही, लाइन फक्त जड झाल्यासारखी वाटते, ओली चिंधी अडकल्यासारखी. तसं वाटलं की लाइन क्षणभर सैल द्यायची आणि मग मनगटानं उचलायचं. जोरात झटका दिला तर मिनो तेवढा जातो. वर आल्यावर बाससारखं ओठात बोट घालून धरू नका, दात आहेत. कल्ल्याच्या झाकणालाही धार असते, पण ती जिताड्यालाही असते म्हणजे बाबांना ठाऊक असणार. जाळी घ्याच.

डुलुथची_काकू:

मासे पकडण्याचं यांनी सांगितलं, मी बाकीचं सांगते, कारण ते कोणी लिहीत नाही.

लायसन्स: १६ वर्षांखालच्या इथल्या मुलांना लागत नाही, म्हणजे तुमचा लेक मोकळा. तो वीकेंड मदर्स डे चा आहे आणि त्या दोन दिवशी मिनेसोटाच्या रहिवासी आयांना लायसन्सशिवाय गळ टाकता येतो, म्हणजे तुमची बायको पण मोकळी. पण तुमच्या आई रहिवासी नाहीत त्यामुळे त्यांना ही सवलत नाही. आई-बाबा दोघांनाही नॉनरेसिडेंट लायसन्स घ्या, एका दिवसाचं, तीन दिवसांचं, आठवड्याचं असं मिळतं. हवेचा भरवसा नाही तर आठवड्याचं घ्या. आणि एका माणसाला एकच लाइन, बाबा तिकडे दोन-दोन टाकून बसत असतील तर आधीच सांगून ठेवा.

बोट घेतलीत तर दहा वर्षांखालच्या मुलाला लाइफ जॅकेट घालणं कायद्यानंच सक्तीचं आहे, पण मी सांगते सगळ्यांनी घाला. हवा ७५ असली तरी पाणी ५० असतं, आणि तेवढ्या गार पाण्यात माणूस पडला की पहिल्या मिनिटात श्वासच ताब्यात राहत नाही, पट्टीचा पोहणारा असला तरी. कोकणातल्या माणसाला पाण्याची भीती नसते आणि इथे मला त्याचीच काळजी वाटते. वयस्कर माणसाला घेऊन मे च्या पहिल्या पंधरवड्यात मी बोटीत जाणार नाही. पिअरच बरा.

तळ्यावरून निघताना मिनोच्या बादलीतलं तळ्याचं पाणी ओतून घरून आणलेलं पाणी भरा, उरलेले मिनो नको असतील तर तळ्यात सोडायचे नाहीत, कचऱ्यात टाकायचे. झेब्रा मसल्स अशा पाण्यातूनही एका तळ्यातून दुसऱ्यात जातात.

आता खाण्याचं. २० इंचांवरचा एकच ठेवता येतो, बाकी मर्यादा तळ्यानुसार बदलतात ते त्या वर्षीच्या नियमावलीत बघा. पण मोठी मादी असेल तर सोडूनच द्या, पुढच्या वर्षीची अंडी तिच्यातच आहेत. शिवाय मोठ्या माशात पारा जास्त साठतो. इथल्या आरोग्य खात्याचा सल्ला असा की १५ वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायकांनी २० इंचांपेक्षा लहान वॉलआय महिन्यातून एकदा खावा आणि त्याहून मोठा खाऊच नये. लेकाच्या ताटात वाढताना लक्षात ठेवा.

रेवदंडेकर:

काकू, हे सगळं आईला वाचून दाखवतो. लायसन्सचा गोंधळ एकदम मिटला, मी आईला सवलतीत धरून चाललो होतो. पिअर नक्की. वकोनियाला वारा दक्षिणेचा असेल तर उत्तरेचा काठ आणि नाहीतर मिनेटोंकाची एखादी अरुंद खाडी असं धरतोय, शनिवार जमला तर शनिवार नाहीतर पुढचा दक्षिणेचा वारा.

आईचा एक प्रश्न आहे, डोकं मिळेल ना? तिला कालवणाला डोकं लागतंच, आणि तिथेच साफ करून तुकडे आणले तर चालतं का?

डुलुथची_काकू:

अख्खा आणा! बर्फाच्या खोक्यात ठेवून घरी येऊन कापा. तिथे फिले (काटा काढलेले तुकडे) केलात तर प्रत्येक तुकड्यावर इंचभर खवल्यासकट कातडी ठेवावी लागते, मासा कुठला ते वॉर्डनला ओळखू यावं म्हणून, शिवाय काही तळ्यांवर लांबीचे नियम आहेत तिथे तर अख्खाच लागतो. डोक्यात गालांचं मांस फार गोड असतं, इथले लोकही ते वेगळं काढून खातात, पण बाकी डोकं फेकून देतात ते बघवत नाही. मांस पांढरं, काटा कमी, वास जवळजवळ नाहीच, म्हणून मसाला जपून, कोकम आणि हिरवी मिरची पुरते. तुकड्या रव्यात तळा. त्रिफळं आईंना येताना आणायला सांगा, वाळवलेली, इथे मला कुठेच मिळाली नाहीत.

वकोनिया_वारी:

आणि शुक्रवारीच मिनो आणून ठेवा, ओपनरच्या सकाळी बेट शॉपबाहेर रांग लागते आणि शाइनर सगळ्यात आधी संपतात. गॅरेजमध्ये थंड जागी ठेवलेत तर रात्रभर टिकतात, फक्त बादलीत दाटी करू नका. काय झालं ते इथेच लिहा, वारा कुठला होता आणि पाणी किती डिग्री होतं ते पण, पुढच्या वर्षी विचारणाऱ्यांना उपयोगी पडेल.