'नॉर्म'ला संकेत म्हणावं का? ('करावे'चं काय करावं, हाही प्रश्न आहेच)

पानवाचक: एका मासिकासाठी लेखाचा अनुवाद करतेय. सायबरसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींना बसायला परराष्ट्र खात्यांतले अधिकारी कसे तयार करतात, असा विषय आहे. पूर्वी हे काम संयुक्त राष्ट्रांच्या छोट्या तज्ज्ञगटात चालायचं, त्यात पंधरा ते पंचवीस देशच असायचे. २०१९ पासून सगळ्या १९३ सदस्यांना खुला असलेला कार्यगट आला. मग ज्या खात्यांत या विषयाचा एकही माणूस नव्हता त्यांनाही माणूस तयार करावा लागला.
अडलंय ते 'नॉर्म'पाशी. २०१५ मध्ये तज्ज्ञगटाने अकरा नॉर्म्स, म्हणजे सायबरविश्वात देशांनी कसं वागावं याच्या अपेक्षा, मान्य केले. ते ऐच्छिक आहेत, मोडले म्हणून त्यांच्याखाली शिक्षा नाही. मी 'संकेत' लिहिलं, संपादकांनी 'मानदंड' केलं. मानदंड म्हटलं की मला फूटपट्टी दिसते. तुम्ही काय लिहाल?

सव्वाशेर: संकेत नकोच. संकेतस्थळ, संकेतशब्द, सांकेतिक लिपी. सायबरच्या लेखात 'संकेत' आला की वाचक पासवर्ड शोधायला लागेल. सरळ 'दंडक' लिहा.

मोडीप्रेमी: संकेतस्थळ म्हणजे मुळात अभिसारिका प्रियकराला भेटायला जाते ती जागा. आता तिथे वीजबिल भरतात.
दंडकाबद्दल: तो मोडला तर दंड व्हायला हवा. पानवाचक तर शिक्षा नाही म्हणतायत.

सव्वाशेर: दंडक म्हणजे रूढ नियम. घरातला दंडक मोडला म्हणून कोण पावती फाडतं?

पानवाचक: पुढचं वाक्य आणखी त्रास देतंय. 'राज्यांनी आपला भूप्रदेश सायबर माध्यमातून होणाऱ्या गैरकृत्यांसाठी जाणूनबुजून वापरू देऊ नये.' इथे 'राज्यांनी' वाचून महाराष्ट्र आणि कर्नाटक डोळ्यांसमोर येतात. 'राष्ट्रांनी' केलं तर आंतरराष्ट्रीय कायद्यातली 'स्टेट' ही संकल्पना निसटते.

माजी कारकून: 'देशांनी' लिहा. बोलताना आपण तेच म्हणतो. पण ताई, खरा घोळ 'देऊ नये'त आहे. बत्तीस वर्षं शासकीय पत्रं लिहिली. 'उचित कार्यवाही करावी', 'नोंद घ्यावी', 'विलंब करू नये'. यातलं एकही विनंती नाही. 'करावे' आलं म्हणजे खालच्याने करायचंच. उलट राज्यघटनेच्या मराठीत बंधन असतं तिथे 'असेल', 'करील' येतं. 'भारताचा एक राष्ट्रपती असेल' हे काही भविष्य सांगणं नव्हे. म्हणजे इंग्रजी 'शुड'चं 'करावे' केलंत की मंत्रालयातला वाचक त्याला हुकूम समजणार.

पानवाचक: काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लेखाचा गाभाच तो आहे. प्रशिक्षणात संगणकापेक्षा क्रियापदांवर जास्त वेळ जातो असं त्यात म्हटलंय. 'शुड' म्हणजे ऐच्छिक नॉर्म, 'शॅल' म्हणजे तहाची भाषा. बंधनकारक करार हवा असं रशिया वर्षानुवर्षं म्हणतोय. आहे तो आंतरराष्ट्रीय कायदा आणि नॉर्म्स पुरेसे आहेत, असं अमेरिका आणि युरोपातले देश म्हणतात. नवख्याने एक क्रियापद नजरेआड होऊ दिलं तर भांडणाची बाजूच बदलते.

तळ्यातमळ्यात: अशा एका कार्यशाळेत टिपणं घ्यायला होते, म्हणून सांगते. काल्पनिक देश, त्यातल्या एकाची वीजयंत्रणा बंद पडते, संशय शेजाऱ्यावर. प्रत्येकाला स्वतःचा सोडून भलत्याच देशाच्या सूचना देतात, म्हणजे समोरच्याची बाजू तोंडाने मांडायची सवय होते. चार तास एका परिच्छेदावर. एकमत न झालेले शब्द चौकोनी कंसात टाकतात; शेवटी असे इतके शब्द उरले की वाक्यच दिसेना. एका बेटावरून आलेला मुलगा म्हणाला, आमच्या न्यूयॉर्कच्या कचेरीत आम्ही तिघंच, मासेमारीही मीच बघतो आणि सायबरही. म्हणून तर सिंगापूर संयुक्त राष्ट्रांबरोबर अभ्यासवृत्ती चालवतो, आणि ऑस्ट्रेलिया, कॅनडा, नेदरलँड्स वगैरे मिळून २०२० पासून महिला अधिकाऱ्यांना बैठकांना पाठवतात.
आणि शब्दांचं म्हणाल तर 'सायबरसुरक्षा' हाच वादाचा शब्द आहे. रशिया 'माहिती सुरक्षा' म्हणतो, त्यात यंत्रणांबरोबर लोक वाचतात-लिहितात तो मजकूरही येतो. पाश्चात्त्यांना त्यात सेन्सॉरशिप ऐकू येते. शिवाय रशियन भाषेत सेफ्टी आणि सिक्युरिटी, दोन्हींना एकच शब्द. आपल्याकडे सुरक्षा, सुरक्षितता, संरक्षण, सलामती. चैनच की!

गोरखचिंच: विषय निघालाच आहे तर, वर्तमानपत्रं डिप्लोमॅटला 'मुत्सद्दी' म्हणतात ते बंद व्हायला हवं. मुत्सद्दी म्हणजे धूर्त. आमची आजी तिच्या जावेबद्दल 'भारी मुत्सद्दी बाई' म्हणायची, ते कौतुक नव्हतं. 'राजनयिक' म्हणा.

मोडीप्रेमी: राजनयिक हिंदीतून आलाय, आणि तसाच वास मारतो. मुत्सद्दी अरबी 'मुतसद्दी'. मुघलांच्या काळात सुरत बंदराच्या अधिकाऱ्याला मुतसद्दी म्हणत. पेशवाईत परदरबारी माणूस म्हणजे 'वकील'. दिल्लीत हिंगणे, निजामाकडे गोविंदराव काळे. वाटाघाटींना कागदपत्रांत 'जाबसाल' येतो. काय शब्द आहे! सवाल आणि जबाब दोन्ही आत.

सव्वाशेर: मग काय, 'सायबर वकिलांचे प्रशिक्षण' छापायचं? ओटीपी सांगून पैसे गेलेले लोक पत्ता विचारत येतील.

गोरखचिंच: राजनय संस्कृत आहे, हिंदीने विकत घेतलेला नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्द काढायलाच ना? परराष्ट्र व्यवहार बघणाऱ्या डबीराचा सुमंत केला. आपण मात्र साडेतीनशे वर्षांनी पुन्हा मुतसद्द्यापाशी.

मोडीप्रेमी: कोश केला, खरं. पण पेशव्यांच्या दप्तरात परत फारसीच बोकाळली. वापरणाऱ्याच्या तोंडात बसेल तोच शब्द टिकतो. सुमंत आता मुलाचं नाव आणि आडनाव म्हणून उरलाय.

तळ्यातमळ्यात: एक गंमत सांगायची राहिली. मसुदा सगळ्यांना पाठवायचा आणि ठरल्या वेळेपर्यंत कुणी हरकत घेतली नाही तर तो मंजूर, अशी पद्धत असते. कार्यशाळेत मी शेजारणीला म्हटलं, आमच्याकडे हे लग्न ठरवताना करतात. मुलगी गप्प म्हणजे होकार.

गोरखचिंच: आता ते करत नाहीत.

माजी कारकून: टिपणी वर पाठवली आणि सात दिवस परत आली नाही, तर ती मान्य झाली असं आमच्याकडे कुणी समजलं असतं तर निलंबित झाला असता.

पानवाचक: मंडळी, उद्या मजकूर द्यायचाय. 'देशांनी' घेतलं. 'देऊ नये'च्या जागी 'न देणे अपेक्षित आहे' करतेय, वाक्य लंगडतंय पण हुकूम वाटत नाही. आता 'जाणूनबुजून'. मूळ शब्दाचा अर्थ एवढाच की देशाला माहीत होतं. जाणूनबुजून म्हटलं की डाव आला.

माजी कारकून: 'माहीत असताना' लिहा. 'हेतुपुरस्सर' तर मुळीच नको, त्यावर विभागीय चौकशी लागते.

सव्वाशेर: 'बुजून' म्हणजे काय हो? बुजणे म्हणजे दचकणे ना? जाणून आणि दचकून?

मोडीप्रेमी: नाही, हिंदीतल्या 'बूझना'चा भाऊ. 'जाणून उमजून' असंच.

गोरखचिंच: म्हणजे हिंदीतून आलेला चालतो तर!

पानवाचक: नॉर्मचं काय?