पॉडकास्ट ही टोपली झाली, आतल्या मालाला काय म्हणायचं?

खाडीपूल:
प्रश्न साधा आहे, निमित्त मात्र जरा फजितीचं. कोपरखैरण्याला आमच्या सोसायटीत महिन्यातून एका शनिवारी दहा-बाराजण क्लबहाउसमध्ये बसतो. मध्ये एक स्पीकर, ट्यूबलाइट बंद आणि तास-पाऊण तास फक्त ऐकायचं. गाणी नाहीत, व्याख्यान नाही. कुणीतरी रेकॉर्डर घेऊन लांब कुठल्या मुलखात जाऊन राहिलेलं असतं आणि तिथली माणसं त्यांच्याच आवाजात आपल्यापर्यंत आणलेली असतात. गेल्या खेपेला ला गोमेरा होतं. कॅनरी बेटांतलं हे बेट स्पेनचं. खोल घळींमुळे समोरच्या डोंगरावरच्या माणसाला हाक पोचत नाही, म्हणून लोक शिट्टीनं बोलतात. शिट्टीनं नुसती खूण करत नाहीत, अख्खी स्पॅनिश वाक्यं बोलतात, दोन स्वर आणि चार व्यंजनांत बसवून. १९९९ पासून तिथल्या शाळांत ही शिट्टी शिकवतात, २००९ साली युनेस्कोनं तिला वारसायादीत घेतलं.

तर फळ्यावर मी आधी 'पॉडकास्ट' लिहिलं. तळमजल्यावरच्या काकांनी विचारलं, "कुणाची मुलाखत?" त्यांचंही बरोबर आहे. हल्ली पॉडकास्ट म्हणजे दोन खुर्च्या, दोन माइक आणि एक सुप्रसिद्ध माणूस. मग सेक्रेटरीसाहेबांनी ते पुसून 'ऑडिओ कार्यक्रम' केलं, तर बी विंगच्या तिघी टाळ घेऊन आल्या. शेवटपर्यंत बसल्या बिचाऱ्या, पण टाळ मांडीवरच. मराठी शब्द सुचवा.

पाभर:
मुळात पॉडकास्ट हे मालाचं नाव नाहीच, टोपलीचं आहे. २००४ च्या फेब्रुवारीत गार्डियनमध्ये बेन हॅमर्सली यांनी हा शब्द पहिल्यांदा वापरला, आयपॉड अधिक ब्रॉडकास्ट. त्यातला आयपॉड २०२२ साली बंद झाला, शब्द उरला. ब्रॉडकास्ट तर शेतातलंच. ओळीत न पेरता मुठीनं बी विखरायचं, याला आपण 'फोकून पेरणं' म्हणतो. माझ्या मामाकडे शहापूरला राब (रोपांसाठी पालापाचोळा जाळून तयार केलेली जागा) भाजून झाला की पहिल्या पावसाला भाताचं बी असंच टाकतात. मूठ भरून, हात कमरेपासून अर्धा गोल फिरवत. नवखा माणूस टाकतो तेव्हा एकीकडे दाट पडतं, दुसरीकडे टक्कल. म्हणजे पॉडकास्टचं शब्दशः मराठी 'डबीतून फोकणं'! बी भाताचं की नाचणीचं, ते या शब्दात कुठेच येत नाही.

एकमात्रा:
श्रुतिका आहे की. सुंदर शब्द, तयार आहे.

खाडीपूल:
श्रुतिका म्हणजे लिहिलेली संहिता, नट आणि दार वाजल्याचा आवाज. इथे मेंढपाळ खराच मेंढपाळ आहे, आणि दार वाजलं तर ते त्याच्याच घराचं. नभोनाट्यालाही हीच अडचण.

जुनाश्रोता:
मी ठाण्यात राहतो, बरीच वर्षं आकाशवाणीच्या कामासाठी ठाणे ते चर्चगेट केलं. आमच्याकडे याला नाव होतं आणि रोजच्या बोलण्यात होतं: रूपक. फीचरला रूपक. बाहेर जाऊन केलेलं रेकॉर्डिंग ते 'ओबी', आणि ओबीचा माल घेऊन बांधलेला अर्धा तास ते रूपक. बांधायचं अक्षरशः हातानं. फितीवर मेणाच्या पेन्सिलीनं खूण, ब्लेडनं तिरका काप, चिकटपट्टी. आमच्या मशीनवर साडेसात इंच फीत म्हणजे एक सेकंद. कोळणीनं बोलायच्या आधी घेतलेला श्वास मी एकदा 'वेळ वाचवायला' कापला होता, जेमतेम चार इंच. वरिष्ठांनी ऐकलं आणि केराच्या टोपलीतून तो तुकडा शोधून परत जोडायला लावला. "बाई आता बोलायला लागली," म्हणाले. संगीत रूपक, ध्वनिरूपक, हे शब्द पडून आहेत, उचला.

तलावपाळी:
रूपकाबद्दल आदर ठेवून विरोध. दहावीच्या मुलाला रूपक म्हणजे अलंकार, उपमेचा थोरला भाऊ. तबला शिकणाऱ्या मुलीला सात मात्रांचा ताल, तोही समेलाच, म्हणजे पहिल्या मात्रेलाच, 'खाली' (टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा) असलेला. संस्कृतवाल्यांना रूपक म्हणजे नाटक, त्याचे पुन्हा दहा प्रकार. एका शब्दाच्या डोक्यावर किती हंडे ठेवणार? फळ्यावर 'रूपक' लिहिलंत तर या वेळी तबला येईल.

खाडीपूल:
'श्राव्य माहितीपट' लिहायचा मोह झाला होता. पण पट म्हणजे कापड, ज्याच्यावर काहीतरी दिसतं. आमच्याकडे तर ट्यूबही बंद.

नेरूळ_जुईनगर:
मला यात वेगळीच गंमत दिसते. मराठीत लांबलचक सांगण्याला शब्द कमी नाहीत, ढीग आहे, पण जवळजवळ प्रत्येक शब्द आज नाक मुरडूनच बोलला जातो. पुराण: "तुझं पुराण पुरे." आख्यान: नारदीय कीर्तनात उत्तररंगाला आख्यान लागतं, लोक त्यासाठी थांबतात, आणि घरी मात्र "आख्यान लावू नकोस." रामायण: "काय झालं ते सांग, रामायण नको." चऱ्हाट वळतात, गुऱ्हाळ घालतात, पाल्हाळ लावतात. नमनाला तर घडाभर तेल जातंच. थोडक्यात सांगण्याच्या बाजूचे शब्द बघा: नेमकं, मोजकं, मुद्द्याचं, सुटसुटीत. सगळे शाबासकीचे!

आणि हे कुणाच्या भाषेत? जिथे रात्ररात्र कीर्तनं चालली, पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरत रामायण-महाभारतच सांगत आले, जात्यावर तासन्‌तास ओव्या झाल्या. माझा अंदाज असा की ही चेष्टा आली ती घड्याळामागून. ८.१२ ची वाशी लोकल पकडणाऱ्याला आख्यान नकोच असतं. (पुरावा नाही, मत आहे. भांडायचं असेल तर रविवारी.) पण मग पाऊण तासाच्या प्रकाराला जो म्हणून जुना शब्द लावाल, त्यात "कंटाळा येणार बरं का" हे आधीच ऐकू येणार. अडचण शब्दांच्या तुटवड्याची नाही, शब्दांच्या तोंडावरच्या भावाची आहे.

एकमात्रा:
'श्राव्यकथा' घ्या मग. कोराच आहे शब्द, कुणी अजून नाक मुरडलेलं नाही.

तलावपाळी:
कोरा तितकाच निर्जीव. श्राव्य म्हणजे ऐकण्याजोगं. 'दृक्‌श्राव्य'मध्ये जाऊन तो प्रोजेक्टरची वायर होऊन बसला. त्याचा उलटा शब्द मात्र अजून जिवंत आहे: अश्राव्य शिव्या. म्हणजे 'अश्राव्य'ला अब्रूची चाड आहे, 'श्राव्य'ला नुसता प्लग. तिसरं भावंड श्रवणीय, ते गाण्यांच्या घरी दिलेलं, सोडवून आणता येणार नाही.

आवणी:
मी घणसोली गावातली, आगरी. आमच्याकडे लग्नात धवलारीण धवले गाते. तिला कुणी "थोडक्यात घे" म्हणत नाही, म्हणजे निदान अजून तरी. पण मी सुचवतेय तो शब्द सगळ्यांच्या घरातला आहे: कहाणी.

श्रावणातली. हातात अक्षता धरून ऐकायची. तिचा पहिला शब्दच 'ऐका' असतो. "ऐका आदित्यराणूबाई, तुमची कहाणी." म्हणजे जिची कहाणी तिलाच समोर बसवून सांगायची, पाठीमागे नाही. आणि त्या कहाणीत पुढे काय आहे आठवतंय का? बाईला व्रत पुरं करायचंय, तर तिला ऐकणारा हवाय. गावात "उपाशी कोण आहे" म्हणून शोध घेतात. मोळीविक्या सापडतो. सहा मोत्यांपैकी तीन तो घेतो, तीन ती. "मनोभावे कहाणी सांगितली, चित्तभावे ऐकली", आणि त्याची लाकडाची मोळी सोन्याची होते. सांगणारीएवढाच मान ऐकणाऱ्याला, मोतीसुद्धा निम्मे! दुसऱ्या कुठल्या प्रकारात आहे हे?

जुनाश्रोता:
आणि शेवटची ओळ! "ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण." आयुष्यभर साठ मिनिटांच्या फितीतून पाच मिनिटं काढली, ही ओळ कधी सुचली नाही.

नेरूळ_जुईनगर:
पण 'रामकहाणी' आहे, 'कर्मकहाणी' आहे. पेपरात कहाणी आली की खाली हुंदका ठरलेला. शिवाय व्रत, उद्यापन, देव. शिट्टी मारणाऱ्या मेंढपाळाचं आणि आदित्यराणूबाईचं जमायचं कसं?

आवणी:
'करुण' हे विशेषण आपण लावलं, कहाणीनं मागितलं नव्हतं. मूळ कहाण्या बघा, शेवट सगळा सोन्याचा. आणि नुसतं 'कहाणी' लिहू नका, पुढे 'ऐका' लिहा. 'ऐका' असलं की वाचायची नाही, बघायची नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पाभर:
पटलं. पॉडकास्ट टोपलीला राहू दे, चांगली टोपली आहे. फक्त 'तो' की 'ते' एकदा ठरवा. मी 'तो' म्हणतो, आमच्या घरात तीनही लिंगं चालतात.

जुनाश्रोता:
शास्त्रापुरतं रूपक राखून ठेवतो. फळ्यावर कहाणी चालेल.

खाडीपूल:
पुढच्या शनिवारी मेघालयातलं काँगथाँग गाव आहे. खासी लोकांचं गाव, तिथे प्रत्येक मुलाला आई नावाबरोबर एक सूर देते आणि रानात त्या सुरानंच हाक मारतात. आज सकाळी फळ्यावर लिहून आलो: 'ऐका, सुरांनी हाक मारणाऱ्या गावाची कहाणी. शनिवार, संध्याकाळी ७.' तळमजल्याचे काका वाचत उभे होते. म्हणाले, "कहाणी आहे, म्हणजे उपास धरायचा का?" मी म्हटलं, नाही, चहा आहे. बी विंगला टाळ आणू नका म्हणून निरोप दिलाय.