मदत हवी आहे - गणित समजलंय का नुसतं पाठ आहे, कसं तपासायचं?
नमस्कार मंडळी, मी सोलापुरात सहावीला गणित शिकवते. पोरं १/२ + १/३ लसावि काढून फटकन ५/६ आणतात, पण हे १ पेक्षा मोठं का लहान विचारलं की सगळे गप्प! ०.४५ मोठं का ०.५, तर अर्धा वर्ग ०.४५ म्हणतो, का तर ४५ हे ५ पेक्षा जास्त.
कारण लिहा म्हणलं तर वेगळाच घोळ, बऱ्याच जणांच्या घरी तेलुगू नाहीतर कन्नड, त्यामुळं गणित अडलंय का मराठी तेच कळत नाही ओ. कडक भाकरीचे तुकडे करून बघितले, तेव्हा एकीनं बरोबर दाखवलं (बाकीच्यांनी चटणी मागितली). पन्नास पोरांना एकेकट्याला तोंडी विचारायला वेळ कुठला? चित्र काढायला लावून किंवा मुद्दाम चुकलेलं गणित देऊन कुणी तपासलंय का? मार्क कसे देता?